खाटकांच्या गल्लीतली झुकलेली घरं

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात शॅम्बल्स नावाची एक चिंचोळी गल्ली आहे. दुतर्फा लाकडी सांगाड्याची दुकानं, त्यातली बरीचशी चौदाव्या-पंधराव्या शतकातली. वरचे मजले इतके पुढे आलेले, की समोरासमोरची घरं एकमेकांच्या कानात काही सांगताहेत असं वाटावं. पाहणारा म्हणतो, म्हातारपणाने वाकली बिचारी! काही वाकली आहेतही. पण मजला पुढे येणं हा वयाचा दोष नाही, तो सुताराचा हिशेब आहे.

ही गल्ली होती खाटकांची. मांस मांडायच्या फळ्यांवरूनच तिला नाव मिळालं. मांसाचा शत्रू कोण? ऊन. म्हणून गल्ली अरुंद आणि वरून मजल्याची सावली. खिडकीखालची रुंद फळी माल मांडायला, वरचे लोखंडी आकडे तो टांगायला. रस्ता मधे खोलगट आणि कडा उंच, म्हणजे धुण्याचं पाणी आपोआप वाहून जाई. (त्या काळचा वास कसा असेल, याची कल्पना न केलेलीच बरी.)

आता तो हिशेब. ओकच्या तुळया खालच्या भिंतीच्या बाहेर हातभर काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करायची. टोकावर वजन आलं की तुळईचा मधला भाग खाली झुकायचा कमी होतो. शिवाय रस्त्याची जागा न अडवता वर खोली मोठी मिळते आणि खालच्या भिंतीला पाऊस लागत नाही. लाकडं एकमेकांत खाचा पाडून बसवलेली, वर लाकडी खुंट्या ठोकलेल्या. मधल्या भिंती चक्क आपल्या कोकणातल्यासारख्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या!

एकोणिसाव्या शतकात इथे दोन डझनांहून जास्त खाटकांची दुकानं होती. आज एकही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर घरांची डागडुजी झाली, म्हणून ती टिकली. आता तिथे चॉकलेटं मिळतात, भेटवस्तू मिळतात, हॅरी पॉटरच्या जादूच्या छड्याही मिळतात. घरं वाचली याचा आनंदच आहे. पण ज्या धंद्याने फळीची रुंदी आणि गल्लीची सावली ठरवली तोच निघून गेला, ही रुखरुख मला तरी लागते. शॅम्बल्सचा फोटो कुठे दिसला, तर नुसत्या झुकलेल्या भिंती पाहू नका. दुकानाच्या खिडकीवर नजर टाका. काही ठिकाणी ते आकडे अजून तसेच आहेत, रिकामे.