पोरखेळ कोणाचा?

एखाद्या गोष्टीचा विचार टाळायचा असला की तिला ‘पोरखेळ’ म्हणावे, ही आपली जुनी युक्ती आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत परवा मी ‘ग्रेग द बनी’ या अमेरिकन मालिकेचा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, “अहो, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना? मग या वयात ससे कशाला?” तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते इथे देतो.

ही मालिका फॉक्स वाहिनीवर मार्च २००२ मध्ये सुरू झाली. १३ भाग तयार झाले, त्यांतले ११ दाखवले गेले आणि मालिका बंद पडली. डॅन मिलानो, स्पेन्सर चिनॉय आणि शॉन बेकर या तिघांनी हा ससा आधी न्यू यॉर्कच्या एका सार्वजनिक केबल वाहिनीवर अगदी तुटपुंज्या साधनांनी नाचवला होता. मोठ्या वाहिनीवर आल्यावर त्याला सेथ ग्रीन आणि यूजीन लेव्ही यांच्यासारखे नट सोबतीला मिळाले, पण आयुष्य मिळाले नाही.

कल्पना मात्र पाहण्यासारखी आहे. या जगात बाहुल्या माणसांच्या शेजारी राहतात, नोकरी करतात, दारू पितात, भाडे भरतात. मुलांच्या एका कार्यक्रमात त्या पोटासाठी गोड गोड बोलतात आणि दिवे मालवले की आपापल्या दुःखाकडे परततात. वॉरन नावाचा वानर स्वतःला शेक्सपिअरचा नट समजतो. पदरी पडले आहे ते पोरांना हसवणे. या जमातीचे सभ्य नाव ‘फॅब्रिकेटेड अमेरिकन’, म्हणजे कापडाचे केलेले अमेरिकन. माघारी, आणि रागाच्या भरात तोंडावरही, त्यांना म्हणतात ‘सॉक’. म्हणजे पायमोजा.

या एका शब्दासाठी मी ही मालिका डोक्यावर घेतो. ‘मोजा’ ही काही शिवी नव्हे. त्यात खोटेही काही नाही. बाहुली कापडाचीच असते. परंतु समोरच्याचे नाव, काम, स्वभाव सगळे बाजूला सारून तो कशाचा बनला आहे तेवढेच बोलायचे, आणि वर ‘आम्ही खरे तेच बोललो’ म्हणून मोकळे व्हायचे, हाच अपमानाचा सर्वांत सोज्ज्वळ प्रकार आहे.

मला तो ओळखता येतो, कारण मी तो केला आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दोन संतोष होते. घोटाळा नको म्हणून मी एकाला ‘वकिलांचा संतोष’ म्हणत असे आणि दुसऱ्याला ‘बुरुडाचा संतोष’. माझ्या मनात वाईट नव्हते. दोघांचे बाप तेच काम करीत. वर्षाच्या शेवटी तो दुसरा संतोष वही द्यायला आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, मला आडनाव आहे.” एवढेच. त्या दिवशी मला जे कळले ते शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडले नव्हते.

कोणी म्हणेल, हे दाखवायला ससा कशाला? माणसेच दाखवावीत. पण माणूस दिसला की प्रेक्षक आधी त्याची जात, वर्ण, पक्ष पाहतो आणि आपली ढाल पुढे करतो. सशापुढे ढाल धरण्याचे कोणाला सुचत नाही. तो हसतो, आणि हसता हसता आपण कोणाला हसलो हे त्याला उमगते. बाहुलीचे खरे बळ इथे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खऱ्या माणसांचे हाल असे कापसात गुंडाळले की ते मऊ होत नाहीत का? होतात. हा आरोप मी मालिकेवर माझ्याकडूनही ठेवतो. ‘सॉक’ हा शब्द शोधून काढला, पण तो ज्याला लागला त्याच्या घरापर्यंत ती फारशी गेली नाही. बहुतेक वेळा विनोद झाला की मागे फिरली. धारदार हत्यार हाती घेऊन तिने पेन्सिलीला टोक केले. तरीही, हत्यार नीट चालवले नाही हा दोष चालवणाऱ्याचा. हत्यार खेळण्याचे होते असे त्यावरून ठरत नाही.

आणि बाहुल्या पोरांसाठीच असतात, हे ठरवले कोणी? कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या बाहुल्यांतून रामायण सांगत आले. त्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ते रामायण केवळ पोरांसाठी कधीच नव्हते. तिकडे त्या सशाच्या तिघा जन्मदात्यांपैकी शॉन बेकर यांनी पुढे ‘अनोरा’ हा चित्रपट केला आणि २०२५ साली एकट्याने ४ ऑस्कर नेले. समाजाने ज्यांना एकाच शब्दात उरकले अशा माणसांकडे ते आजही पाहतात. ती नजर काल-परवा आली असे मला वाटत नाही.

तेव्हा सहकारी मित्रहो, ससा पोरांचा असेल. पण माणसाला त्याच्या कापडावरून हाक मारण्याचा खेळ आपण थोरांनीच मांडला आहे. पोरे तो आपल्याकडून शिकतात. आणि कधी कधी त्यांतलेच एखादे, खाली मान घालून, आपल्याला तो थांबवायला सांगते.