शजरा, वही आणि शाळेचं रजिस्टर

आपल्या समाजात घराण्याचा विषय निघाला की गोष्ट बहुतेक वेळा अरबस्तानातून सुरू होते. कुणाचे पूर्वज बगदादहून आलेले असतात, कुणाचे येमेनहून, कुणाचे थेट मदिन्याहून. मधली हजार वर्षं एका दमात ओलांडून गोष्ट आजोबांपर्यंत येते आणि तिथे अडखळते. आजोबा मुंबईत कोणत्या साली आले, काय काम करत होते, किती शिकले, आजीचं माहेर कुठलं, असं विचारलं की घरात कुणाला नीट सांगता येत नाही. हजार वर्षांपूर्वीचा पूर्वज माहीत असतो, साठ वर्षांपूर्वीची आजी माहीत नसते.

मला वाटतं, आता ही सवय मोडायला हवी. त्यासाठी मुंबईतल्याच एका मुस्लिम घराण्याचं उदाहरण घेऊ.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या सॉलिसिटर घराण्यांच्या वंशावळी शोधण्याची हौस पुष्कळांना असते. तिथे ते काम तुलनेने सोपं आहे. १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधीच्या चर्चच्या वह्या आहेत. शिवाय सॉलिसिटर व्हायचं तर जुन्या सॉलिसिटरच्या हाताखाली काही वर्षं करारावर उमेदवारी करावी लागे, त्या करारांचे कागदही राहिले. त्यामुळे आजोबा, मुलगा आणि नातू एकाच धंद्यात कसे आले, हे दीडशे वर्षांनीही सांगता येतं.

इंग्लंडमधल्या सॉलिसिटरांच्या याच यादीत १८५८ साली मुंबईच्या एका मुसलमानाचं नाव दाखल झालं. ते कमरुद्दीन तैयबजी, तिथे सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांचे वडील मुल्ला तैयब अली हे खंबायतच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले, मुंबईत व्यापार करणारे. तैयब अलींनी आपल्या मुलांना शिकायला युरोपात पाठवलं. 'तैयबजी' हे आडनाव आलं ते या बापाच्या नावावरून. आज जे घराणं आपण 'खानदानी' म्हणून ओळखतो, त्याचं आडनाव एका व्यापाऱ्याच्या नावापासून सुरू होतं, एखाद्या बादशहापासून नाही.

कमरुद्दीन यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई हायकोर्टात उभे राहणारे पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. त्या काळी हायकोर्टाच्या मूळ शाखेत अशिलाला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे. आधी सॉलिसिटर गाठायचा, आणि सॉलिसिटरने बॅरिस्टरला ब्रीफ द्यायची, अशी रीत होती. गोऱ्या वकिलांच्या त्या कोर्टात एक भाऊ सॉलिसिटर आणि दुसरा बॅरिस्टर असणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे यावरून कळतं.

बद्रुद्दीन १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९५ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती. मराठी वाचकाने त्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर केला तो न्यायमूर्ती तैयबजी यांनी. आपल्या शाळांतली मुलं टिळकांचा धडा वाचतात, पण हे नाव त्यांच्या कानावर क्वचितच पडतं. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तिच्या संस्थापकांत हे दोघे भाऊ होते. आज कुर्ला, वांद्रे, वर्सोवा इथल्या अंजुमनच्या शाळांत जाणाऱ्या मुलामुलींचं नातं त्या दोन वकिलांशी असं जुळतं.

आता या घराण्याची वंशावळ पुढे नेऊ. ती दोन प्रकारे लिहिता येईल. फक्त मुलग्यांची नावं घेतली तर तैयब अलींचे मुलगे येतील, मग शम्सुद्दीन यांचे चिरंजीव अब्बास तैयबजी येतील. हे अब्बास बडोदा संस्थानाचे न्यायाधीश होते. १९३० साली गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी हाती घेतलं आणि तुरुंगात गेले. पुढे बद्रुद्दीन यांचे चिरंजीव फैज तैयबजी येतील, न्यायमूर्ती आणि मुस्लिम कायद्यावरच्या मोठ्या ग्रंथाचे लेखक. एवढ्यावरही वंशावळ भारदस्त दिसेल.

पण मुलींची नावं घातली की हीच वंशावळ दुपटीने मोठी होते. नजमुद्दीन तैयबजी यांची मुलगी अमिना हैदरी. १९०८ साली हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला तेव्हा तिने केलेल्या मदतकार्याबद्दल तिला कैसर-ए-हिंद पदक मिळालं. पक्षितज्ज्ञ सालिम अली या गोतात येतात ते आईकडून. लहानपणीच आईवडील गेले आणि खेतवाडीत अमिरुद्दीन तैयबजी या मामांच्या घरी ते वाढले. इतिहासकार इरफान हबीब हे अब्बास तैयबजींचे नातू, तेही मुलीकडून. याच गोतातल्या अतिया फैजी १९०६ साली शिकायला लंडनला गेल्या आणि तिथल्या दिवसांवर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं. त्यांची बहीण नाझली म्हणजे आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याची बेगम. 'वंश मुलग्याने चालतो' असं म्हणून वंशावळ लिहिली असती, तर ही सगळी नावं गळली असती.

ती गळली नाहीत, याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. तैयबजींच्या घराघरांत वह्या ठेवलेल्या असत. त्यांना ते 'अखबार' म्हणत. अखबार म्हणजे खबरा, बातम्या. कुणाच्या घरी पाहुणे आले, कोण आजारी पडलं, कोण सहलीला गेलं, कोणाची परीक्षा झाली, असं त्यात घरातली माणसं आपल्या हाताने लिहीत. बायकाही लिहीत. आणि हे लिहिणं उर्दूत होई. या घराण्याची मूळ बोली गुजराती, उर्दू त्यांनी नंतर ठरवून घेतलेली. उर्दू शिकवणारी व्यक्ती म्हणून मला याचा आनंद होतो. पण खरं महत्त्व भाषेला नाही, लिहिण्याला आहे. आज इतिहासाचे अभ्यासक त्या काळच्या मुंबईतल्या मुस्लिम स्त्रिया कशा जगत होत्या हे शोधायला निघतात तेव्हा या वह्यांकडे वळतात. ज्या घरांनी असं काही लिहिलं नाही, त्या घरांतल्या स्त्रियांबद्दल त्यांना काय सापडणार?

यावर कुणी म्हणेल, 'ते बडे लोक. त्यांचे बंगले होते, वेळ होता, पैसा होता. गोवंडीच्या किंवा मालवणीच्या दहा बाय पंधराच्या खोलीत कोण वही ठेवणार?' आक्षेप रास्त आहे. तैयबजी श्रीमंत होते, लग्नंही बरीचशी आपसातच करत. त्यांचं आयुष्य आपलं नव्हतं आणि नाही. पण नोंदीची गरज श्रीमंतापेक्षा गरिबाला जास्त असते. श्रीमंताचं नाव रस्त्याला लागतं, इमारतीला लागतं, कोर्टाच्या निकालात छापून येतं. गरिबाचं नाव बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतं, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये.

आम्हा शिक्षकांना या रजिस्टरची किंमत जून महिन्यात कळते. दहावी-बारावी झालेल्या मुलांचे पालक जुना दाखला काढायला येतात. ओबीसीचा जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी असते. त्यासाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे आजोबांचा, चुलत आजोबांचा शाळेतला उतारा. आजोबा शाळेत गेलेलेच नसतात, किंवा गेलेले असले तर रजिस्टरात जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं असतं. कधी 'शेख' लिहिलेलं असतं.

आणि इथे आपल्या त्या अरबी शजऱ्याची गोष्ट परत समोर येते. कापूस पिंजणारे, कापड विणणारे, पानतंबाखू विकणारे, भाजीपाला विकणारे असे आपल्यातले कितीतरी लोक. त्यांची पिंजारी, जुलाहा, तांबोळी, बागवान ही नावं कष्टाची होती. पण 'खालचे' म्हणवून घ्यायची लाज वाटली म्हणून पुष्कळांनी ती टाकली आणि शेख, सय्यद, खान झाले. इस्लाममध्ये सगळे समान, असं आपण मिंबरवरून सांगतो, तरी अशराफ-अजलाफ हा भेद घरात पाळत आलो, त्याची ही फळं. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यांच्यासोबत गावोगाव फिरले, आणि सवलतीचा हक्क मिळाला. पण आजोबांनी इज्जतीसाठी लिहवून घेतलेलं 'शेख' आज नातवाच्या वाटेत उभं राहतं. खोट्या मोठेपणाची एवढी किंमत इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला मोजावी लागते.

सरकारी वंशावळीतही एक खोट आहे. ती फक्त बापाच्या बाजूने चालते. आईच्या बापाचा पन्नास वर्षांपूर्वीचा उत्तम दाखला घरात असला तरी तो सहसा उपयोगी पडत नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईने एकटीने वाढवलेल्या मुलांचं काय? ज्या घराण्यांशी संबंधच उरला नाही, त्यांच्या दारात जाऊन कागद मागायचे? माझ्या मते हा नियम बदलायला हवा आणि आपल्या संघटनांनी ती मागणी धसास लावायला हवी.

तोवर आपण घरात करण्यासारखं काम आहे. दोनशे पानांची एक वही घ्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जी लिपी घरातल्या पोरांना वाचता येते तिच्यात लिहा. पहिल्या पानावर अरबस्तान नको. जे खात्रीने माहीत आहे त्यापासून सुरुवात करा: आजोबा-आजीचं पूर्ण नाव, गाव, तालुका, धंदा, शाळा, मुंबईत आल्याचं साल. धंद्याचं खरं नाव लिहा, हलालीच्या कामाची लाज बाळगू नका. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव लिहा. 'अहमदची आई' एवढ्यावर भागवू नका. मुलींची लग्नं होऊन त्या जिथे गेल्या तिथली नावंही याच वहीत येऊ द्या. जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशन कार्ड यांवरची स्पेलिंगं ताडून पाहा. एका कागदावर 'मोहम्मद' आणि दुसऱ्यावर 'मो.' असेल तर आजच दुरुस्तीचा अर्ज करा, मूल बारावीला जाईपर्यंत थांबू नका.

गावाकडच्या जुन्या शाळेचा उतारा काढायचा असेल तर या सुटीत काढा. जिल्हा परिषदेच्या शाळांतली जुनी रजिस्टरं वाळवी खाते आहे, पाऊस खातो आहे. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी आधी बसा. नावं तिलाच सगळ्यात जास्त आठवतात, आणि तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं.