डोस किती, ते सांगा

मायक्रोप्लास्टिकमुळे मूत्रपिंडं निकामी होतात, ही बातमी दर थोड्या महिन्यांनी फिरत येते. तिच्यात उंदीर असतो, प्लास्टिक असतं, डॉक्टरांची चिंताही असते. डोस मात्र नसतो.

चीनमधल्या संशोधकांनी २०१७ साली उंदरांना पॉलिस्टायरीनचे ५ आणि २० मायक्रॉनचे कण २८ दिवस पाजले. कण यकृत, मूत्रपिंड आणि आतड्यात साठल्याचं त्यांनी नोंदवलं. सर्वांत मोठा डोस होता रोज अर्धा मिलिग्रॅम. किरकोळ वाटतो? उंदीर असतो वीसेक ग्रॅमचा. निव्वळ वजनाचा हिशेब लावला तर ६० किलोच्या माणसाला रोज दीड ग्रॅम प्लास्टिक गिळावं लागेल. आता आपण खरोखर किती गिळतो ते बघा. ‘आठवड्याला एक क्रेडिट कार्ड’, म्हणजे ५ ग्रॅम, हा २०१९चा आकडा सर्वतोमुखी झाला. २०२१मध्ये नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या गटाचा प्रौढांसाठीचा अंदाज निघाला आठवड्याला जेमतेम ४ मायक्रोग्रॅम. तफावत दहा लाख पटींहून अधिक!

म्हणून उंदरांचे प्रयोग टाकाऊ ठरत नाहीत. तैवानमधल्या २०२१च्या अभ्यासात मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींवर ताण आणि दाह दिसला, पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले दिसले. हे पटण्यासारखं आहे. हृदयातून निघालेलं सुमारे पंचमांश रक्त मूत्रपिंडांकडे जातं आणि गाळलेल्यातलं कामाचं परत शोषून घ्यायला या पेशींना अफाट ऊर्जा लागते. पण मूत्रपिंडाची गाळणी रक्तातल्या अल्ब्युमिन या काही नॅनोमीटरच्या प्रथिनालाही सहसा सोडत नाही. मायक्रॉनभर कण तिच्यातून पार होणं कठीण. तो नलिकांच्या पेशींपर्यंत पोचलाच तर रक्ताच्या बाजूने. जर्मनीतल्या २०१९च्या प्रयोगात तर उंदरांच्या आतड्यातून फारच थोडे कण आत शिरले, आणि ऊतकांना इजा आढळली नाही.

शिवाय प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा कण म्हणजे मणीच: गुळगुळीत, गोल, एकाच मापाचा. आपल्या पोटात जातात ते बाटल्यांचे कपचे आणि पॉलिएस्टरचे धागे, रंग-रसायनांसकट.

एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने २०२४मध्ये अन्नातलं मायक्रोप्लास्टिक मोजण्याच्या पद्धती ठरवायचा प्रकल्प जाहीर केला. काम रटाळ आहे, बातमी होणार नाही. माझ्या लेखी ते आणखी दहा उंदरांना मणी पाजण्यापेक्षा मोलाचं आहे. तोवर गरम चहा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेणं मात्र आजच थांबवता येईल. त्याला उंदराची साक्ष कशाला हवी?