पगार आणि शांतता

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील कारखान्यांत कामगार ज्याची दर महिन्यास वाट पाहतो, तो ‘पगार’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज. त्या भाषेत ते क्रियापद आहे, अर्थ ‘देणे चुकते करणे’. मराठीने त्याचे नाम केले. इटालियन ‘पागारे’ आणि इंग्रजी ‘पे’ ही त्याचीच भावंडे. सर्वांचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. जर्मन ‘त्सालेन’ मात्र संख्यावाचक शब्दापासून निघाला. तेथे देणे म्हणजे मोजणे.

वेळेवर वेतन हा कामगाराचा हक्क १९३६ च्या कायद्यानेच मान्य केला. तरीही कंत्राटी कामगाराचा पगार थकवून औद्योगिक शांततेचा उपदेश करणाऱ्यांनी ही व्युत्पत्ती ध्यानी घ्यावी. देणे चुकते झाल्यावाचून शांतता नांदत नाही.