गच्चीवरील वीज आणि सायंकाळचा हिशेब



जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, दोंडाईचा. खानदेशातील कोणत्याही पेठेत गच्चीवर चढून पाहिले, तर आसपास सोलर पॅनेल दिसतातच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. किती वर्षांत भांडवल वसूल होईल, हे व्यापारी घराण्यांना शिकवावे लागत नाही. परंतु या व्यवहाराची आणखी एक बाजू आहे आणि ती सहसा हिशेबात धरली जात नाही.

साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तीन किलोवॅटचे सुमारे ४२ हजार घरगुती संच एकत्र केले, तर क्षमता तेवढीच होते. म्हणजे गावोगावच्या गच्च्या मिळून एक वीजकेंद्रच उभे राहते. फरक इतकाच, की साक्रीच्या प्रकल्पावर व्यवस्थापक आहे. गच्च्यांवर कोणी नाही.

व्यवस्थापकाची गरज का? बँकेत आम्ही दिवसअखेर ताळा जुळवीत असू. विजेचा ताळा क्षणाक्षणाला जुळावा लागतो. तो जुळला आहे की नाही, हे वारंवारता सांगते. आपल्या देशात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान राखणे अपेक्षित आहे. मागणी वाढली की ती घसरते, पुरवठा वाढला की चढते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची ग्रीड कोसळली आणि ६० कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ बसली.

नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटातून वजा होते. वहीत दोन्ही समान. बाजारात मात्र नव्हेत. हंगामात कापसाची आवक वाढली की भाव उतरतो, हे आपणांस ठाऊक आहे. विजेचेही तसेच. दुपारी एक वाजता साऱ्या गच्च्या एकदम वीज देतात आणि डीपीवरील व्होल्टेज चढते. सूर्यास्तानंतर सारी घरे एकदम वीज मागतात आणि दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांवर भार पडतो. हे अंतर वाढत गेल्यास आजचे नियम पॅनेलच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यभर तसेच राहतील, असे गृहीत धरणे व्यवहारास धरून नाही. २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीही सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापराला दरसवलत आली, ती याच दिशेची खूण होय.

यावरील उपाय इन्व्हर्टरमध्ये दडलेला आहे. जर्मनीत जुने इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला तत्क्षणी बंद होतील असे जुळविलेले होते. लाखो संच एकाच क्षणी थांबले तर ग्रीड धोक्यात येईल, हे ध्यानी आल्यावर २०१२ मध्ये नियम करून तीन लाखांहून अधिक संच सुधारण्याचे काम हाती घ्यावे लागले. स्मार्ट इन्व्हर्टर असा एकदम हात काढून घेत नाही; तो पुरवठा हळूहळू कमी करतो आणि व्होल्टेज सावरण्यास मदत करतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात घरोघरचे सौरसंच व बॅटऱ्या संगणकाद्वारे जोडून एक आभासी वीजकेंद्र उभारले गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वीन्सलँडमधील कोगन क्रीक हे कोळशावरील मोठे केंद्र अचानक बंद पडले, तेव्हा या घरांतील बॅटऱ्यांनी क्षणार्धात वीज पुरविली. वाटा लहान होता, पण घरेही ग्रीडला सावरू शकतात हे त्यातून सिद्ध झाले.

आपण काय करावे? संच घेताना केवळ दर पाहू नये. पुढे बॅटरी जोडता येईल का, इन्व्हर्टरची जुळवणी दुरून बदलता येते का, दुरुस्ती सेवा जिल्ह्यातच मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. पाण्याची मोटर, घरगुती चक्की, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामे शक्यतो सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत उरकावीत. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, तेथील मिक्सर व इंडक्शन शेगडी टंचाईच्या वेळी बंदच असतात. तीच शिस्त अन्य उपकरणांना लावणे फारसे अवघड नाही.

आणखी एक गोष्ट. बॅटरी नसलेला नेट मीटरिंगचा संच वीज गेल्यावर थांबतो. तो दोष नव्हे. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ती योजना आहे. कोणी कारागीर ‘जुगाड करून चालू ठेवतो’ म्हणाला, तर त्याला निक्षून नकार द्यावा. बिलातील चार पैशांपेक्षा खांबावर चढलेल्या माणसाचा जीव मोलाचा आहे.

सौर कर्जाच्या करारातील कोणत्या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात, ते पुढील अंकी पाहू.