बॉल कधीच फाऊल करत नाही

गळ्यात शिट्टी अडकवली की माणूस आपोआप शहाणा होतो, असा माझा समज होता. तो जेमतेम पंधरा मिनिटं टिकला.

झालं असं, की एका मैत्रिणीच्या कंपनीत दर वर्षी इंटर-डिपार्टमेंट बास्केटबॉल असतं. या वेळी दोन रेफ्रींपैकी एकाने ऐन वेळी टांग दिली. 'तू कॉलेजला खेळायचीस ना? मग ये की!' इति मैत्रीण. फ्रीलान्सर माणसाला शनिवारी संध्याकाळी काम नसतं, हे सगळ्या जगाला कसं कळतं देव जाणे. गेले. काळी ट्रॅकपॅण्ट, उसना राखाडी टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. एक सेल्फीसुद्धा काढून झाला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये फायनान्सच्या एका मुलाने माझ्या बाजूने, बेसलाइनजवळून जंप शॉट मारला. सॉलिड शॉट होता. बॉल हातातून सुटला, मस्त कमान घेतली आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली. मी अगदी मन लावून बघितलं आणि ऐटीत दोन बोटं वर केली. तेवढ्यात किंचाळी ऐकू आली. तो मुलगा घोटा धरून जमिनीवर!

'मॅडम, त्याने खाली पाय घातला!' एक टीम ओरडतेय. 'काहीही काय, हा स्वतःच वेडावाकडा पडला!' दुसरी टीम. आणि दहाच्या दहा जण माझ्याकडे बघतायत.

मला काहीच दिसलं नव्हतं. मी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होते.

कुणीतरी मोबाइलवर शूट करत होतं. मोठ्या आशेने क्लिप बघितली, तर कॅमेराही माझ्यासारखाच बॉलबरोबर वर गेलेला. बर्फ लावून घेताना तो मुलगा शांतपणे म्हणाला, 'मॅडम, तो हे तिसऱ्यांदा करत होता.' म्हणजे आधीच्या दोन वेळाही मी शॉटच बघत बसले होते. पहिल्याच वेळी शिट्टी वाजली असती, तर कदाचित तिसरी वेळ आलीच नसती. लिगामेंटला मार, महिनाभर कुबड्या, आणि पठ्ठ्या राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये.

मॅच संपल्यावर दुसरे रेफ्री मला टपरीवर घेऊन गेले. पन्नाशीतले सर. नागपाड्यात वाढलेले, म्हणजे बास्केटबॉलचं बाळकडू घेऊनच. कटिंग हातात देत त्यांनी विचारलं,

'काय बघत होतीस, बेटा?'

'शॉट.'

'पडला?'

'हो.'

'तू बघितला नसतास तर पडला नसता?'

मी गप्प. मग त्यांनी मला तो फंडा दिला, जो बहुधा प्रत्येक नव्या रेफ्रीला कधी ना कधी ऐकावा लागतो. बॉल कधीच फाऊल करत नाही. फाऊल माणसं करतात. त्यामुळे बघायचं माणसांना.

ऐकायला सोप्पं आहे. करून बघा! पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मी त्यांच्या नव्या रेफ्रींच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. सर खेळ चालू ठेवायचे, मधेच शिट्टी मारून आम्हाला पाठ फिरवायला लावायचे आणि विचारायचे, 'सात नंबरचा डावा हात कुठे होता?' सात नंबरचा? डावा? बॉल कुणाकडे होता हे मला दर वेळी माहीत होतं. पण ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.

यात आपला दोष थोडा कमी आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. व्हिडिओत काही जण बास्केटबॉल पास करतायत. पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजायचे, एवढंच काम. मधेच गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती खेळाडूंमध्ये येते, छाती बडवते आणि निघून जाते. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही! डोळे उघडे असतात, पण लक्ष एका जागी बांधलं की बाकीचं जग गायब. मी तर पासही मोजत नव्हते.

मग यावर उपाय काय? तर कोर्टाची वाटणी. कोर्ट असतं २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, त्यावर दहा धावती माणसं. दोन डोळ्यांना हे झेपणार कसं? म्हणून दोन रेफ्री असतील तर एक 'लीड', तो पुढे जाऊन बास्केटखालच्या बेसलाइनवर उभा राहतो. दुसरा 'ट्रेल', तो हल्ल्याच्या मागून येतो. कोर्टाचा कुठला तुकडा कुणाचा, हे ठरलेलं. बॉल माझ्या तुकड्यात नसेल तर तो माझा प्रॉब्लेमच नाही. मी बघायचं की बास्केटखाली कोण कुणाची जर्सी ओढतंय, स्क्रीन लावणारा हलतोय का, रिबाउंडसाठी कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत जातंय.

गंमत म्हणजे हे खेळाच्या जन्मापासून आहे. डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला बास्केटबॉलचे पहिले तेरा नियम लिहिले. त्यात दोन अधिकारी होते. 'रेफ्री' बॉलचा न्याय करणार आणि 'अम्पायर' माणसांचा. एकाच माणसाला दोन्ही जमणार नाही, हे त्या गृहस्थांना खेळ सुरू होण्याआधीच कळलं होतं.

आणि बॉल आपल्याच तुकड्यात असेल तर? तरीही बघायचं डिफेंडरकडे. तो समोर तोंड करून, दोन्ही पाय टेकवून वेळेत उभा राहिला का? की अंगावर गेला? बॉल डोळ्याच्या कडेला दिसत राहतोच, त्याची काळजी नको. शॉट घेणारा उडाला की नजर त्याच्याबरोबर वर जाऊ द्यायची नाही, त्याचे बूट परत जमिनीला लागेपर्यंत खालीच ठेवायची. कारण हवेत उडालेल्या खेळाडूला खाली उतरायला जागा मिळणं हा त्याचा हक्क आहे. तो उडाल्यावर कुणी त्याच्याखाली सरकलं तर फाऊल. बॉल आत गेला का, हे बघायला ट्रेल असतो. त्या शनिवारी मी होते लीड. म्हणजे मी माझं काम सोडून सरांचं काम करत होते. वर त्यांच्या वाट्याची बोटंही मीच दाखवली!

तिसऱ्या की चौथ्या रविवारी नजर जरा खाली राहायला लागली. तरी एकदा सरांच्या बाजूला काहीतरी भन्नाट झालं, सगळे ओरडले, आणि माझी मान वळलीच. सरांनी खेळ थांबवला. 'दोघं एकच बघणार असू, तर एकाने घरी जायला काय हरकत आहे?' सगळे हसले. मी नाही हसले, कारण मान का वळली हे मला कळलं होतं. त्यांना नीट दिसेल यावर माझा विश्वासच नव्हता.

आता बोला! तीस-पस्तीस वर्षं शिट्टी वाजवणारा माणूस, आणि मला वाटतंय मी नाही बघितलं तर राहून जाईल. तुमच्या ऑफिसातही असेल असं कुणीतरी. प्रत्येक मेलच्या सीसीमध्ये असणारं, दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनची स्लाइड रात्री अकराला उघडून बघणारं. आणि त्या वेळात त्याच्या स्वतःच्या बाजूला कुणाचा तरी घोटा मुरगळलेला असतो. बॉल न बघणं हे डोळ्यांचं ट्रेनिंग आहे असं मी समजत होते. निम्मं ते आहेच. उरलेलं निम्मं म्हणजे दुसरा बघतोय हे मान्य करणं.

त्या दिवशी निघताना मी सरांना जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. 'त्या शॉटला तुम्ही काय बघत होतात?'

'बॉल,' ते म्हणाले. 'तुझ्या भरवशावर.'

यावर काय बोलणार? त्या डिफेंडरने तिसऱ्यांदा खरंच पाय घातला होता का, हे मला अजूनही माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही.

चार महिन्यांनी त्याच कंपनीची फ्रेंडली मॅच होती. फायनान्सचा मुलगा घोट्याला पट्टी बांधून परत आला होता. मी लीड, सर ट्रेल. साधारण त्याच जागेवरून त्याने उडी घेतली. मी त्याचे निळे बूट वर जाताना बघितले, समोरच्याचे पांढरे बूट जागच्या जागी राहिलेले बघितले, निळे बूट व्यवस्थित खाली आलेले बघितले. मग कुठे श्वास सोडला.

शॉट पडला का, ते मला सरांच्या बोटांकडे बघून कळलं.