घरांतील गोष्टी : चार आठवड्यांची स्पॅनिश

गेल्या माघ महिन्यांत एके रात्रीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली असतां आमच्या पुतणीनें एक बेत सर्वांसमोर मांडला. तिची पदवीची परीक्षा मे महिन्यांत संपते. दीड वर्षापासून ती संगणकावरून एका शिक्षिकेजवळ स्पॅनिश भाषा शिकत आहे. आतां स्पेनमधील मालागा ह्या समुद्रकांठच्या शहरीं चार आठवडे राहून ती भाषा तिच्या माहेरींच जाऊन शिकावी, असें तिच्या मनांत होतें. चिखलीसारख्या गांवीं, जेथें बुलढाण्यास जाऊन येणें हाच पुष्कळांचा नित्याचा प्रवास, तेथें हें ऐकून सर्व मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. मग थोरल्या वहिनींनीं विचारलें, “तेथें खाशील काय?” बंधूंनीं विचारलें, “खर्च किती?” आणि मीं विचारलें, “चार आठवड्यांत भाषा येते काय?”

तिन्ही प्रश्न रास्तच होते. त्यांचीं उत्तरें शोधण्यांत आमचे दोन महिने गेले. अशीच मागणी आज ना उद्यां वाचकांच्या घरींही होईल, म्हणून त्या शोधाचें फलित येथें मांडीत आहें.

प्रथम भाषेविषयीं. स्पॅनिश ही सुमारें वीस देशांची राजभाषा आहे, आणि आपल्या विदर्भास ती सर्वस्वीं परकी नाहीं. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ सालीं मेक्सिकोंत गेले, चापिंगो येथील कृषिविद्यालयांत अध्यापक झाले, आणि मक्याच्या जातींवरील त्यांच्या संशोधनानें तेथील शेतकऱ्यांत मान्यता पावले. त्यांचें सारें शिकवणें स्पॅनिश भाषेंतून चाले. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरास निवर्तले. वऱ्हाडनागपुराकडील माणसाची जीभ ह्या भाषेस वळते, ह्याला ह्याहून मोठा दाखला नको.

किंबहुना ती इंग्रजी माणसापेक्षां अधिक सहज वळते. स्पॅनिश भाषेंतील त आणि द हे आपल्याप्रमाणेंच दंत्य आहेत, ‘ञ’सारख्या ध्वनीस तेथें स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘तू’ व ‘आपण’ हा आदरभेदही आहे. पोर्तुगीज ही तिची सख्खी बहीण. त्यामुळें पोर्तुगीजांनीं आपणांस दिलेले बटाटा, पाव, साबण, चावी, पगार हे शब्द थोड्या वेगळ्या वेषांत तेथें भेटतात. अडचण पडते ती दुसरीकडे. आपल्या ‘असणें’ ह्या एका क्रियापदासाठीं त्यांच्यापाशीं दोन क्रियापदें आहेत, एक मूळच्या स्वरूपासाठीं व एक तात्पुरत्या स्थितीसाठीं, आणि त्यांची निवड करतांना नवशिका पदोपदीं अडखळतो.

आतां माझा प्रश्न. तेथील अभ्यासवर्गांत आठवड्यास सामान्यतः वीस तासिका असतात. म्हणजे चार आठवड्यांत ऐंशी. युरोपांत भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात. ऐंशी तासिकांत फार तर एक पायरी चढतां येईल. जो मुळाक्षरांपासून आरंभ करील, त्याचे हे दिवस भाजी मागणें व रस्ता विचारणें ह्यांतच संपतील, आणि तें तर घरीं बसूनही शिकतां येतें. परंतु ज्याचें व्याकरण घरीं पक्कें झालें आहे, पण ज्याची जीभ अडखळते, त्याची अडखळ तेथें सुटते. म्हणून आम्ही पहिली अट घातली कीं, प्रवासापूर्वीं दुसरी पायरी पुरी झाली पाहिजे. स्पेन सरकारची सर्व्हान्तेस संस्था २००९ पासून दिल्लीस आहे. तिची प्रमाणपत्र परीक्षाही आपल्या देशांत देतां येते. त्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका पुतणीनें घड्याळ लावून सोडविल्या, तेव्हां कोठें पुढील बोलणें सुरू झालें.

शहराची निवडही दिसते तितकी सोपी नव्हे. स्पेनच्या किनाऱ्यावर सुंदर शहरें पुष्कळ आहेत. परंतु बार्सेलोनांत कातालान, व्हॅलेन्सियांत तिचेंच भावंड मानली जाणारी व्हॅलेन्सियन, तर सान सेबास्तियान येथें अगदीं निराळ्या कुळांतील बास्क भाषा रस्त्यांत कानीं पडते. मालागांत तसें नाहीं. तेथें सर्वत्र स्पॅनिशच. पण ती अंदालुसियाची स्पॅनिश. तेथील लोक शब्दाच्या अखेरचा ‘स’ गिळतात. ‘लोस अमीगोस’ म्हणजे मित्रमंडळी, ती त्यांच्या तोंडीं ‘लो अमीगो’ होते. कोणी परदेशीं गृहस्थ मराठी शिकावयास चिखलीस उतरावा आणि त्याच्या कानीं ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ पडावें, तसेंच हें आहे. त्यानें भिऊन पळावें काय? मुळींच नाहीं, वर्गांत ग्रंथांतील मराठी शिकावी, बाजारांत वऱ्हाडी ऐकावी, दोन्ही कळली म्हणजेच मराठी कळली. पुतणीनें हें ओळखूनच मालागा निवडलें. शिवाय तेथें विद्यापीठ आहे, परकीयांसाठीं त्याचे स्पॅनिशचे वर्ग आहेत, आणि विश्रांतीच्या वेळीं पाहावयास मूरांनीं बांधलेला किल्ला व १८८१ सालीं त्याच शहरांत जन्मलेल्या चित्रकार पिकासोचें संग्रहालय आहे.

काळाचा घोळ मात्र मोठा. आपली उन्हाळ्याची सुटी एप्रिल-मेची, त्यांची जुलै-ऑगस्टची. ऑगस्टांत तेथें प्रवाशांची दाटी, खोल्या महाग, मोठी जत्रा, आणि कधीं कधीं ‘तेरराल’ नांवाचा जमिनीवरून येणारा उष्ण वारा. इकडे आपली विद्यालयें तोंवर सुरू झालेलीं असतात. सर्व जुळवून जून महिना ठरला. तेव्हां तेथें दिवस मोठा, सूर्य रात्रीं साडेनऊनंतर मावळतो, आणि गर्दी बेताची. आमच्या घरीं ते दिवस सोयाबीनच्या पेरणीच्या धांदलीचे. पण पेरणीस पुतणीवांचून अडत नाहीं, असें बंधूंनीं मोकळ्या मनानें सांगितलें.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत सांगतों. नव्वद दिवसांच्या आंतील अभ्यासासाठीं शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा प्रवेशपरवाना पुरतो. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून करतां येतो, व निदान पंधरा दिवस आधीं तरी करावाच लागतो. शहाण्यानें दोन-अडीच महिने हातीं ठेवावे. पारपत्र परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारें असावें. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परवाना मिळेपर्यंत जें परत होत नाहीं असें विमानाचें तिकीट काढूं नये, आणि वर्गाचें शुल्क भरण्यापूर्वीं परवाना नाकारल्यास तें परत मिळतें काय, हें लेखी विचारून घ्यावें.

खाण्याचा प्रश्न वहिनींनीं लावून धरला होता, व तो खरोखरच अवघड आहे. तेथें ‘मांस नको’ म्हटलें तरी भाजींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे किंवा मासा येऊं शकतो. कारण पुष्कळांच्या मतें तें मांस नव्हेच. म्हणून मासा, ‘खामोन’ व ‘उएबोस’ म्हणजे अंडीं, हीं नांवें घेऊन स्पष्ट नकार देण्याचें वाक्य प्रथम पाठ करावें. टोमॅटो-काकडीचें थंड ‘गास्पाचो’ आणि मालागाकडील बदाम व लसूण वाटून केलेलें ‘आखोब्लांको’ हे पदार्थ मात्र आपल्यास चालण्यासारखे आहेत.

ह्याच मुद्द्यावर घरांत खरा वाद झाला. पुतणीची एक मैत्रीणही त्याच वर्गास जाणार आहे. दोघींनीं मिळून खोल्या घ्याव्या, घरीं वरणभात शिजवावा, सोबतही होईल, असें वहिनींचें म्हणणें. आणि आईच्या जिवाला दुसरें काय सुचणार? पुतणीचा हट्ट मात्र तेथील कुटुंबांत राहण्याचा. मीं माझा अनुभव सांगितला. तरुणपणीं मी पुण्यास जर्मन शिकावयास एक महिना गेलों होतों. राहिलों मामांकडे, हिंडलों मित्रांबरोबर, आणि वर्गाबाहेर जर्मनचा एक शब्दही उच्चारला नाहीं. महिना संपला, पैसे गेले, आणि भाषाही गेली. तरीही वहिनींचें समाधान होईना, व त्यांना मीं दोष देत नाहीं. मुलगी परमुलखीं अनोळखी घरांत राहणार, ही चिंता युक्तिवादानें जात नसते.

तेव्हां इतका वेळ जपमाळ ओढीत बसलेल्या आई बोलल्या. आई माहेरच्या धारवाडकडील. अठराव्या वर्षीं लग्न होऊन चिखलीस आल्या, तेव्हां त्यांना कानडीवांचून भाषा येत नव्हती. त्या म्हणाल्या, “मी ‘उप्पु’ म्हणें, तें कोणास कळेना, मग बोटानें डबा दाखवीं. एके दिवशीं सासूबाईंनीं तो डबाच उचलून फडताळांत ठेवला आणि म्हणाल्या, नांव घे, मग देतें. मला रडूं आलें. पण मीठ हा शब्द त्या दिवसापासून विसरलें नाहीं. माझी बहीण शेजारीं दिली असती, तर मी आजही कानडींतच बोललें असतें.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मात्र रडूं आलें, तेव्हां विचारपूस करणारेंही कोणी असावें.”

त्या दोन वाक्यांतच निर्णय झाला. मुलगी कुटुंबांतच राहील. मैत्रीण त्याच शहरांत, पण दुसऱ्या घरीं. कुटुंबाची माहिती, पत्ता व अन्नाचे नियम आधीं पत्रानें निश्चित केले. तेथें दुपारचे अडीच वाजतात तेव्हां येथें सहा, म्हणजे दिवेलागणीची वेळ; त्या वेळीं ती रोज दूरध्वनीवरून घरीं बोलेल, तेंही दहा मिनिटांहून अधिक नाहीं.

राहिला खर्च. आमच्या एकत्र घरांत मुलें चार. एकीवर इतका पैसा टाकला, तर उरलेल्या तिघांस काय सांगावें? पुष्कळ विचारांतीं असें ठरलें कीं, प्रत्येक मुलास शिक्षणाच्या अशा एका कार्यासाठीं घरांतून एकदां सारखीच रक्कम मिळावी. वरचा भार ज्याचा त्यानें उचलावा. पुतणी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या करून आपला वांटा जमवीत आहे. एकत्र कुटुंबांत औदार्यापेक्षां नियम अधिक टिकतो, असा आमचा अनुभव आहे.

अर्ज गेला आहे. निर्णय यावयाचा आहे. परवाना आला तर ती रेणुकादेवीचें दर्शन घेऊन निघेल. न आला तर अभ्यास कोठें गेला नाहीं. परवां वहिनींनीं तिला सहज विचारलें, “काय ग, तिकडे मिठाला काय म्हणतात?” ती म्हणाली, “साल.” तेव्हांपासून वहिनी स्वयंपाकघरांत तिला त्याच शब्दावांचून मीठ देत नाहींत.